मँग्रोव्ह फिंच : तीस हेक्टरात अडकलेल्या एका पक्ष्याचं प्रकरण

गालापागोस म्हटलं की डार्विन, मोठाली कासवं आणि फिंच एवढं आपल्याला शाळेपासून पाठ असतं, पण त्या फिंचांमधला आज सगळ्यात दुर्मिळ जो आहे तो डार्विनच्या हाती लागलाच नव्हता. 1835 ला तो येऊन गेला, पक्षी गोळा करून घेऊन गेला, आणि कांदळवनात पालापाचोळा उचकत बसणारा हा तपकिरी पक्षी, मँग्रोव्ह फिंच (मँग्रोव्ह म्हणजेच कांदळवन), मागेच राहिला. शास्त्रीय नाव मिळायला 1901 साल उजाडलं, स्नॉडग्रास आणि हेलर या दोघांनी दिलं. म्हणजे ओळख होऊन सव्वाशे वर्षंच झालीत आणि एवढ्यात विषय "वाचेल का" इथपर्यंत आलाय. जगात मिळून शंभरच्या आसपास पक्षी. आययूसीएन या निसर्ग-संवर्धन संघटनेच्या यादीत अतिसंकटग्रस्त.

मला हे प्रकरण लिहावंसं वाटलं कारण यात "काहीच केलं नाही म्हणून पक्षी संपत आला" अशी नेहमीची गोष्ट नाहीये. इथे बरंच केलंय, आणि बऱ्यापैकी डोकं लावून केलंय. तरी आकडा शंभरच्या आसपासच घुटमळतोय. असं का होतंय ते बघायचं तर एकेक उपाय आणि त्यानंतर काय झालं हे सलग बघावं लागतं, सुटं सुटं वाचलं तर प्रत्येक बातमी आनंदाचीच वाटते.

आधी जागा

पक्षी साधारण 14 सेंटिमीटरचा, वजन अठरा-वीस ग्रॅम, वरून मळकट तपकिरी, पोटाकडे फिकट आणि छातीवर बारीक ठिपके. दिसायला अगदीच साधा. चोच मात्र कामाची, सालपट सोलायला, कुजलेलं लाकूड फोडायला आणि खाली पडलेली पानं उलटी करून त्याखालच्या अळ्या, कोळी शोधायला. याचा जवळचा नातेवाईक म्हणजे वुडपेकर फिंच, तोच तो जो काटकी नाहीतर निवडुंगाचा काटा चोचीत धरून भोकातली अळी बाहेर काढतो. मँग्रोव्ह फिंचही कधीमधी काडी वापरताना दिसलाय.

पूर्वी हा इसाबेला आणि फर्नांदिना अशा दोन बेटांवरच्या कांदळवनात होता. फर्नांदिनावरून गेला, तिथे गेल्या शतकाच्या शेवटी शोधलं तेव्हा एकही मिळाला नाही. आता उरलाय तो इसाबेलाच्या वायव्य किनाऱ्यावर, प्लाया तोर्तुगा नेग्रा आणि कालेता ब्लॅक अशा शेजारशेजारच्या दोन तुकड्यांत, दोन्ही मिळून साधारण 30 हेक्टर. दादरचं शिवाजी पार्क सव्वाअकरा हेक्टर भरतं, म्हणजे अख्खी प्रजाती तीन शिवाजी पार्कांपेक्षा कमी जागेत राहते. आजूबाजूला काय तर काळा लाव्हा, मैलोन् मैल.

आता कुणी म्हणेल की गालापागोसच्या किनाऱ्याला कांदळवनं इतर ठिकाणीही आहेत, मग हा तिथे का राहत नाही. याचं उत्तर जमिनीवर आहे. आपल्याकडे ठाणे खाडीला नाहीतर कोकणात तिवरांखाली काय दिसतं? भरती येते, जाते, चिखल धुवून निघतो, पानं पाण्याबरोबर वाहून जातात. या फिंचला तसलं कांदळवन चालत नाही, त्याला खाली कोरडा पाचोळा साठलेला लागतो आणि मेलेली लाकडं पडलेली लागतात कारण त्याचं जेवण तिथेच. प्लाया तोर्तुगा नेग्राला हे कांदळवन किनाऱ्याच्या उंचवट्यामागे आहे, समुद्राची लाट थेट आत येत नाही, त्यामुळे पाचोळा वर्षानुवर्षं साठत राहतो. झाडं पण उंच, पंधरा-वीस मीटरपर्यंत. तिवराचे नातेवाईक आहेत, कांदळाचे नातेवाईक आहेत, त्यात पांढरं मँग्रोव्ह म्हणतात ते तिसरं झाड. असा योग जुळून आलेली जागा फार थोडी आहे. नकाशावर हिरवं दिसतं म्हणून ते या पक्ष्याचं घर होत नाही, आणि पुढे हा मुद्दा नडला.

उंदीर

काळा उंदीर जहाजांतून आला, जसा सगळ्या बेटांवर आला तसाच. हा उंदीर झाडावर सरसर चढतो. फिंचचं घरटं घुमटासारखं, बाजूने दार असलेलं, नर बांधतो आणि मादी पसंत करते, उंच शेंड्याला असतं पण उंदराला काय त्याचं. मादी अंडी घालते दोन-तीन, आणि रात्रीतून फस्त.

2006 ते 2009 या काळात इथे नीट मोजमाप झालं. उंदरांचा बंदोबस्त करायच्या आधी अंडी उबवण्याच्या टप्प्यातच 54 टक्के घरटी लुटली जात होती आणि शेवटी पिल्लू उडून बाहेर पडलं अशी घरटी फक्त 18 टक्के. 2007 ला विषाचे डबे लावायला सुरुवात झाली. डबे म्हणजे आत उंदीर शिरेल पण पक्षी शिरणार नाही असे कायमचे बसवलेले, त्यात आमिष भरत राहायचं. त्यानंतर लुटल्या जाणाऱ्या घरट्यांचं प्रमाण 30 टक्क्यांवर आलं आणि पिल्लू बाहेर पडणारी घरटी 37 टक्क्यांवर गेली. म्हणजे दुप्पट! इतक्या साध्या उपायाने.

यात मेख अशी की इसाबेला हे गालापागोसचं सगळ्यात मोठं बेट, साडेचार हजार चौरस किलोमीटरच्या वर. पिन्सोन नावाचं छोटं बेट आहे, अठरा चौरस किलोमीटरचं, तिथे 2012 ला हेलिकॉप्टरने आमिष टाकून उंदीर मुळापासून संपवले. इसाबेलावर तसं करणं आजच्या घडीला कुणाच्या आवाक्यात नाही. त्यामुळे इथे उंदीर संपत नाही, फक्त त्या दोन तुकड्यांतून हटवून धरायचा. डबे रिकामे झाले की बाहेरचा उंदीर परत आत. हे काम कधीच पूर्ण होणारं नाही, दर वर्षी बोट काढा, तंबू ठोका, पिण्याचं पाणीसुद्धा बरोबर न्या कारण तिथे गोडं पाणी नाही, माणूसवस्ती नाही, आणि चिखलात फिरून डबे भरा.

आणि माझं मत विचाराल तर या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त फायदा कुठल्या गोष्टीने झाला असेल तर या डब्यांनी. फोटो मात्र त्यांचे कुणी काढत नाही. फोटो येतात ते चिमट्याने भरवलेल्या उघड्या चोचींचे, त्याकडे येतोच आहे.

माशी

त्याच मोजमापात अजून एक आकडा होता ज्याकडे त्यावेळी एवढं लक्ष गेलं नसावं असं आता वाटतं. पिल्लं बाहेर आल्यावर परजीवी माशीच्या अळ्यांमुळे होणारी जादा मर, 14 टक्के. त्या अभ्यासात पुढचं गणितही मांडलं होतं, की उंदीर आणि माशी दोन्ही नीट ताब्यात ठेवले तर हा पक्षी सावरायला लागेल. गणितात चूक नव्हती. पण "दोन्ही" या शब्दातलं निम्मं तेव्हा कुणाच्याच हातात नव्हतं. उंदरासाठी डबा होता, माशीसाठी काय होतं?

फिलॉर्निस डाउन्सी हे तिचं नाव, इंग्रजीत हिला व्हॅम्पायर फ्लाय म्हणायला लागलेत. गालापागोसची नाही, बाहेरून आली. 1964 ला गोळा केलेल्या कीटकांच्या नमुन्यांत ती नंतर सापडली, म्हणजे तेव्हाच ती बेटावर होती, पण फिंचच्या घरट्यात पहिल्यांदा नजरेस आली 1997 ला. तीसेक वर्षं घरात चोर आणि कुणाला पत्ता नाही.

पूर्ण वाढ झालेली माशी निरुपद्रवी, फळांवर आणि मधुरसावर जगते, रक्ताशी तिचा संबंध नाही. ती घरट्यात शिरून अंडी घालते. अंड्यातून निघालेली बारीक अळी आधी पिल्लाच्या नाकपुडीत जाऊन बसते. डोळे न उघडलेलं, अंगावर पीस नाही असं दोन दिवसांचं पिल्लू आणि त्याच्या नाकात वळवळणारी अळी. जरा मोठी झाली की अळी उतरून घरट्याच्या बुडाशी काड्या-तंतूंत लपते आणि रात्री वर येऊन पिल्लाचं पोटाखालचं रक्त पिते. दिवसा घरटं बघितलं तर वरवर सगळं ठीक, पिल्लू फक्त मलूल. बूड उचकटलं की आत अळ्या आणि तपकिरी कोष. पिल्लू रक्त कमी होऊन मरतं, आणि जी जगतात त्यातल्या काहींची चोच नाकपुडीपाशी कायमची बिघडलेली असते, मोठं झाल्यावरही ते भोक दिसतं.

उंदीर आवरला म्हणून जास्त अंडी फुटली, जास्त अंडी फुटली म्हणून जास्त पिल्लं माशीच्या तोंडी. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. पुढच्या काही मोसमांत दिसायला लागलं की पावसाळा सुरू झाल्यावरची, म्हणजे मोसमातली पहिली-पहिली जी घरटी, त्यातली पिल्लं जवळजवळ सगळीच्या सगळी मरतायत. विणीच्या जोड्या वीसच्याही खाली आलेल्या. आता शंभर पक्षी ऐकायला बरे वाटतात पण त्यात नर जास्त, म्हातारे, जोडी न मिळालेले, असे सगळे आले, आणि दर वर्षी नवीन भर नाही पडली तर शंभराचे ऐंशी कधी झाले कळत पण नाही.

मग घरट्याला औषध मारायचं ना, सोप्पं आहे. सांता क्रूझ बेटावर 2013 ला एक मस्त प्रयोग झालेला, पर्मेथ्रिन हे कीटकनाशक लावलेला कापूस जाळीच्या डब्यांत भरून झाडांजवळ टांगून ठेवला आणि फिंचांनी तो आपणहून नेऊन घरट्यात विणला. एखाद ग्रॅम औषधी कापूस घरट्यात गेला की अळ्या जवळपास शून्य. पक्षी स्वतःच आपल्या घराला फवारणी करतोय, यापेक्षा भारी काय. पण तिथली झाडी खुरटी, पक्षी भरपूर, सगळं डोळ्यासमोर. कांदळवनात तोच कापूस कुठला पक्षी उचलेल, कुठे नेईल, याचा भरवसा नाही, तिथे दुसरेही फिंच आहेत. दुसरा मार्ग म्हणजे घरट्याच्या बुडात थेट औषध टोचायचं. ते पंधरा मीटरवर, बारीक फांदीच्या टोकाला, आतली अंडी न हलवता. प्रत्येक घरटं आधी सापडायला पाहिजे हे वेगळंच. पपईचा रस भरलेले माशीचे सापळे पण लावले जातात, माशी येते, पडते, पण सापळ्याने माशी कमी झाल्याचं कांदळवनाला जाणवावं एवढा फरक त्याने पडत नाही.

अंडी उचलायची

इथे आला तो बहुचर्चित निर्णय. 2014 च्या मोसमात चार्ल्स डार्विन फाउंडेशन, गालापागोस नॅशनल पार्क, सान डिएगो झू आणि ड्युरेल ट्रस्ट यांनी मिळून ठरवलं की सुरुवातीच्या घरट्यांतली अंडीच उचलून आणायची. प्रकल्पाची धुरा फ्रान्सेस्का कनिंगहॅम यांच्याकडे होती. तर्क ऐकायला क्रूर वाटतो पण पक्का आहे : त्या अंड्यांतून निघणारी पिल्लं मरणारच आहेत, तेव्हा ती उचलली तर काही जात नाही, आणि अंडी गेली की जोडी काही दिवसांत परत घालते, म्हणजे रानातला मोसम पण वाया जात नाही. ह्याला हेड-स्टार्ट म्हणतात, लहानपणीचा धोक्याचा काळ माणसाने पार करून द्यायचा आणि मग सोडायचं.

करायचं कसं बघा. दोर लावून झाडावर चढायचं, फांदीच्या टोकापर्यंत पोचायचं, अंगठ्याच्या पेराएवढी अंडी काढून खाली आणायची, पोर्टेबल इन्क्युबेटरमध्ये ठेवायची आणि मग लाटांतून बोटीने सांता क्रूझवरच्या पुएर्तो आयोराला न्यायची जिथे डार्विन रिसर्च स्टेशन आहे. अख्ख्या प्रजातीच्या त्या वर्षाच्या भवितव्याचा मोठा हिस्सा एका हलणाऱ्या बोटीवरच्या डब्यात. नुसता विचार केला तरी पोटात गोळा येतो.

स्टेशनवर बंद खोली, माशी-मच्छर आत येणार नाही अशी. पिल्लू निघालं की दिवसातून पंधरा वेळा भरवायचं. खाणं काय, तर अंड्याची भुर्जी (मीठ-मिरची नाही अर्थात), पतंगाचे तुकडे, गांधीलमाशीच्या अळ्या आणि पपई. हो तीच पपई, सापळ्यात माशीला आणि इथे पिल्लाला. चिमट्याच्या टोकावर कणभर घास, पिल्लू मान ताणून चोच उघडतं, घास टाकायचा, पुढचं पिल्लू, तोपर्यंत पहिल्याने विष्ठेची पिशवी काढलेली ती उचलायची, वजन लिहायचं, आणि थोड्या वेळाने परत पहिल्यापासून, पहाट ते संध्याकाळ.

पहिल्याच वर्षी 15 पिल्लं मोठी करून परत नेऊन सोडली. पहिल्यांदाच करतायत, ज्या जातीची पिल्लं आजवर कुणी हाताने वाढवलेली नाहीत, त्या मानाने हा आकडा जबरदस्त आहे. पुढची वर्षं कमी-जास्त झाली पण काम चालू राहिलं. सोडताना पण एकदम दार उघडून "जा बाबा" असं नाही. प्लाया तोर्तुगा नेग्रालाच कांदळवनात मोठे पिंजरे बांधले, त्यात काही आठवडे ठेवलं, आत पाचोळा, सालपटं, कुजकी लाकडं, म्हणजे उचकायची सवय लागेल, आणि बाहेर रानातल्या नरांची गाणी कानावर. मग दार उघडायचं आणि बाहेर खाणं ठेवत राहायचं, आणि अंगावर बारीकसा रेडिओ ट्रान्समीटर, त्याची बॅटरी टिकेल तितके दिवस मागावर राहायचं.

आता इथे मला जरा कुरकुर करायचीय. बातम्यांमध्ये "इतकी पिल्लं सोडली" हाच आकडा येतो. पण तो आकडा आपल्याला काय सांगतो? की स्टेशनवरची माणसं कामात तरबेज आहेत, बस. पक्ष्याचं काय झालं हे सांगणारा आकडा वेगळा : सोडलेल्यांपैकी किती जणांनी दोन-तीन वर्षांनी स्वतःचा इलाका धरला, जोडी जमवली, घरटं केलं. बॅटरी संपल्यावर ओळखीसाठी पायात घातलेल्या रंगीत कड्यांवर भिस्त, आणि पंधरा मीटरच्या दाट छतात तपकिरी पक्ष्याच्या पायातलं कडं वाचणं म्हणजे काय हे ज्याने कधी खाडीवर दुर्बिणीतून रिंग वाचायचा प्रयत्न केलाय त्यालाच कळेल, आणि आपल्याला तर बदक, कुरव असे उघड्यावर बसणारे मिळतात. सोडलेले काही पक्षी नंतरच्या वर्षांत दिसलेत, ही चांगली गोष्ट. पण तेवढ्यावर "प्रजाती वाचवली" म्हणणं घाईचं आहे, आणि प्रकल्पातल्या लोकांनी तसं म्हटलेलंही नाही, ते मथळे देणाऱ्यांचं काम.

याचा अर्थ निर्णय चुकीचा होता असं मी म्हणत नाहीये. उलट त्यावेळी हाताशी असलेल्या पर्यायांत तोच बरोबर होता असं मला वाटतं. रोग्याला सलाईन लावतात तेव्हा त्याने रोग बरा होत नाही, हे माहीत असूनच लावतात.

दुसरीकडे हलवून बघितलं तर

हे आधीच करून झालेलं. 2010 ला नऊ पक्षी पकडून इसाबेलाच्याच किनाऱ्यावर दक्षिणेकडे बाहिया उर्विना इथल्या कांदळवनात सोडले, पूर्वी हा पक्षी राहायचा त्याच पट्ट्यातली जागा, उंदरांचा बंदोबस्तही केलेला. हेतू सरळ की सगळी अंडी एका टोपलीत नकोत, उद्या तिथे वादळ झालं, लाव्हा आला तर? (इसाबेलावरचा वुल्फ ज्वालामुखी 2015 ला आणि परत 2022 ला फुटला, शेजारच्या फर्नांदिनाचं तर चालूच असतं, त्यामुळे ही भीती कागदावरची नाही.)

झालं काय, तर काही पक्षी उडून सरळ घरी परत आले. मधे लाव्हाचा माळ असूनही. जे परत आले नाहीत त्यांचीही तिथे वस्ती काही बसली नाही. हा प्रयोग फसला म्हणून विसरला जातो, पण माझ्या मते सगळ्यात जास्त शिकवणारा तोच आहे, कारण मोठ्या पक्ष्याला त्याची जागा माहीत असते आणि तो ती सोडत नाही हे त्यातून कळलं. हेड-स्टार्टच्या बाजूने हा एक छुपा मुद्दा पण आहे. ज्या पिल्लाने अजून कुठलीच जागा आपली म्हणून धरलेली नाही ते नवीन ठिकाणी वसण्याची शक्यता जास्त. पण नवीन ठिकाण म्हणजे परत तेच, पाचोळा हवा, मेलेली लाकडं हवीत, डबे भरायला माणसं हवीत, आणि माशी तर तिथेही आहेच.

गाणं आणि शेजारी

इसाबेलाच्या दुसऱ्या बाजूला, आग्नेय किनाऱ्याला कार्तागो नावाच्या खाडीत अजून एक वस्ती होती, 2006-09 च्या अभ्यासात तिथे पाच-दहा पक्षी असतील असा अंदाज. साधं डोकं म्हणतं, मग तिथले इकडे आणा, नवीन रक्त मिळेल. पण 2010 ला छापून आलेल्या एका कामात दोन्हीकडची गाणी रेकॉर्ड करून तपासली तर ती वेगळी निघाली, आणि वायव्येकडच्या नरांना कार्तागोचं गाणं ऐकवलं तर ते आपल्या गाण्याला चिडतात तेवढे त्याला चिडले नाहीत. नर चिडणं म्हणजे "हा आमच्यातला, माझ्या इलाक्यात घुसलाय" अशी ओळख पटणं. गाणं हीच जर ओळख असेल आणि ओळखच पटत नसेल तर त्या नराला माद्या तरी काय विचारणार. एका बेटावरचे, एका जातीचे, मूठभर उरलेले, तेही एकमेकांना परके झालेले.

आणि शेजारी मात्र परका नाही. वुडपेकर फिंच त्याच भागात फिरतो, संख्येने जास्त, आणि आपल्या जातीचा जोडीदार मिळाला नाही की मँग्रोव्ह फिंच त्याच्याशी जुळतो. 2017 ला आलेल्या जनुकीय अभ्यासात जुन्या म्युझियममधल्या नमुन्यांशी आजच्या पक्ष्यांची तुलना केली, तर वैविध्य घटलंय, जवळच्या नात्यांतच जोड्या जमतायत आणि वुडपेकर फिंचचं रक्त मिसळतंय असं दिसलं. दुष्काळात तेरावा महिना. कारण आता समजा माशी उद्या गायब झाली तरी जे उरेल ते कितपत मँग्रोव्ह फिंच असेल हा प्रश्न आहेच.

काही लोक यावर म्हणतात की फिंच तर असेच होत आलेत, मिसळतात, वेगळे होतात, होऊ दे की. गालापागोसच्या इतर बेटांवर हे नैसर्गिकरीत्या घडताना पाहिलंय हेही खरं. पण तिथे दोन धडधाकट वस्त्या मिसळतात. इथे एक बाजू उंदीर-माशीने खचलेली आणि जोडीदार नाही म्हणून मिसळतेय, ह्याला उत्क्रांती म्हणून खांदे उडवणं मला पटत नाही.

माशीच्या मुळाशी

राहता राहिला मूळ दुखण्यावरचा इलाज. कोनुरा अ‍ॅन्युलिफेरा नावाची एक बारीक गांधीलमाशी आहे, दक्षिण अमेरिकेच्या मुख्य भूमीवरची, ती या माशीच्या कोषात आपलं अंडं घालते आणि तिची अळी कोष आतून खाऊन टाकते. मिनेसोटा विद्यापीठातले लोक डार्विन फाउंडेशनबरोबर यावर बरीच वर्षं काम करतायत. कल्पना अशी की ही सोडायची आणि ती माशीला कायमची दाबून ठेवेल, डबे नकोत, दोर नकोत, बोट नको.

लगेच मनात येतं की बाहेरून आणलेल्यानेच वाट लावली आणि आता अजून एक बाहेरचा? रोग परवडला पण औषध नको असं व्हायचं. ही शंका बरोबरच आहे, आणि म्हणूनच इतकी वर्षं लागतायत. ही गांधीलमाशी फिलॉर्निसचे कोष सोडून दुसऱ्या कुणाला हात लावते का, विशेषतः गालापागोसच्या स्वतःच्या माश्या, फुलपाखरं, यांना, ते एकेक करून तपासायचं. त्यात फिलॉर्निस माशी लॅबमध्ये पिढ्यान्पिढ्या वाढवणं हेच मुळात महाकटकटीचं काम निघालं, आणि माशी नाही तर कोष नाही, कोष नाही तर चाचणी नाही.

पण गालापागोसला हा रस्ता नवा नाही. कॉटनी कुशन स्केल म्हणजे आपल्या पिठ्या ढेकणाचाच एक भाऊ, त्याने तिथल्या झाडांचा रस शोषून वाट लावली होती, कांदळवनातल्या पांढऱ्या मँग्रोव्हसकट. 2002 ला, कित्येक वर्षं चाचण्या करून झाल्यावर, त्याच्यावर ऑस्ट्रेलियन लेडीबर्ड सोडला, गालापागोसच्या इतिहासात मुद्दाम सोडलेला पहिला जैविक शत्रू, आणि त्याने काम केलं, दुसऱ्या कुणाला त्रास न देता. म्हणजे फिंच ज्या झाडांवर बसतो त्यातली काही एका आयात किड्याने आधीच वाचवलेली आहेत.

गांधीलमाशीचं मात्र एक आहे, ती माशीला संपवणार नाही, फक्त कमी करेल, आणि किती कमी हे सोडल्याशिवाय कळणार नाही. सांता क्रूझवरच्या हजारोंनी असलेल्या फिंचांना निम्मी माशी कमी झाली तरी पुष्कळ. इथे जिथे जोड्याच वीसच्या आत, तिथे घरट्यात पन्नासच्या जागी पंचवीस अळ्या आल्या तर पिल्लू वाचतं का? मला वाटतं ती सोडल्यावरही काही वर्षं बुडात औषध टोचणं, जमेल तेव्हा अंडी उचलणं, आणि उंदरांचे डबे तर काहीही झालं तरी, हे सगळं चालूच ठेवावं लागेल, आणि देणगीदारांना हे समजावणं हे त्यातलं सगळ्यात अवघड काम असणार, कारण "आता उपाय सापडला ना" म्हटलं की पैसा आधी डब्यांचा कापला जातो.

पुढच्या मोसमाची बातमी आली तर त्यात सोडलेल्या पिल्लांचा आकडा बघू नका. दोन्ही तुकड्यांत मिळून इलाका धरून बसलेल्या जोड्या किती, आणि त्यातल्या मँग्रोव्ह-मँग्रोव्ह किती, हे लिहिलंय का ते बघा.